ऑफिसची टीम बागेत नेताय? आधी झाडू बाजूला ठेवा

पहिल्या वेळी आम्ही चोवीस जण गेलो आणि तीन तासांत बाग चकाचक केली. पाचोळ्याच्या एकोणीस गोण्या भरल्या, तोंडं बांधून फाटकाशी ओळीत लावल्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढला. तेवढ्यात माळीकाका आले. त्यांनी एका गोणीची सुतळी सोडली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि दोन सुकी पानं बाहेर काढली. पानं एकमेकांना रेशमाने शिवल्यासारखी चिकटली होती. नखाने कड जराशी उचलली, तर आत करंगळीच्या पेराएवढा तपकिरी कोश. "हे कुठं जाणार?" त्यांनी विचारलं. गोण्या कचऱ्याच्या गाडीत जाणार होत्या. कुणी काही बोललं नाही.

बागेतल्या पक्ष्या-किड्यांना मदत करायला आलो होतो आणि त्यांचीच घरं गोणीत भरून ठेवली होती. दुपारभर त्या गोण्या पुन्हा झाडांखाली उपसत बसलो. त्यानंतर आमच्या टीमने असे बरेच दिवस केले. कुठे काय चुकतं ते आता माहीत झालंय. तुमच्या टीमची ही पहिली वेळ असेल, तर खालच्या क्रमाने जा.

१. तारखेच्या आधी बाग बघा

बहुतेक टीम्स उलट्या क्रमाने निघतात. आधी तारीख, मग टी-शर्ट, मग बॅनर आणि सगळ्यात शेवटी "तिथे करायचं काय?" तुम्ही आधी बाग सांभाळणाऱ्या माणसाला गाठा. संस्थेच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला नव्हे, रोज झारी उचलणाऱ्याला. त्याच्याबरोबर तासभर फिरा आणि एवढं विचारून घ्या:

- सध्या घरटी, बिळं, ढोल्या कुठे आहेत? कुठे पाय ठेवायचा नाही?
- पाणी कुठे साचतं, कुठे अजिबात पोहोचत नाही?
- फवारणी होते का? कोण करतं, किती दिवसांनी?
- आम्ही गेल्यावर या कामाची देखभाल कोण करणार?

तिसरा प्रश्न विसरू नका. आम्ही एकदा फुलझाडांचा सुंदर वाफा केला आणि काही आठवड्यांनी इमारतीच्या देखभालीच्या कंत्राटानुसार ठरलेली कीटकनाशकाची फवारणी त्याच वाफ्यावर झाली. फवारणाऱ्याची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असं आलं, तर काम लहान करा.

फिरताना कागदावर हाताने नकाशा काढा. ऊन कुठे, सावली कुठे, नळ कुठे, घरटी कुठे, एवढं पुरे. शक्य असेल तर सकाळी लवकर एकदा आणि संध्याकाळी एकदा जा. भर दुपारी बाग पाहिलेल्या माणसाला तिथे काहीच राहत नाही असंच वाटतं.

२. माणसं कमी, वेळ कमी

एका खेपेला आठ ते बारा जण पुष्कळ झाले. चोवीस जणांची पावलं ओल्या मातीवर तीन तास फिरली की माती दाबून घट्ट होते. मग पाणी मुरत नाही आणि मातीत बिळं करणाऱ्यांची पंचाईत होते. जास्त लोकांना यायचं असेल तर दोन वेगळ्या दिवशी बोलवा. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एकच काम द्या. अडीच तासांच्या वर जाऊ नका. दमलेला माणूस फांदी कापताना खाली बघत नाही.

पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात कुंपणाची किंवा झुडपांची छाटणी ठेवू नका. तो हंगाम तुमच्या भागात कधी असतो, ते माळ्याला किंवा पक्षी पाहणाऱ्या एखाद्याला विचारा. त्या दिवसांत पाण्याची, नोंदींची, काचेची कामं करता येतात.

३. कागदपत्रं

- बागेच्या मालकाची लेखी परवानगी. कोणकोणती कामं करणार ते तिच्यात लिहिलेलं असावं. "वृक्षारोपण व स्वच्छता" एवढंच लिहून आणलंत, तर पाणवठ्यासाठी खड्डा खणताना कुणीतरी अडवणारच.
- ऑफिसकडून मंजुरीचा मेल. हा वेळ कामाच्या तासांत धरला जाणार की सुट्टीत, आणि ऑफिसबाहेर दुखापत झाली तर विमा लागू होतो का, हे दोन्ही त्यात स्पष्ट हवं.
- येणाऱ्यांची यादी: नाव, आणीबाणीत कुणाला फोन करायचा, आणि मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का. ज्यांना तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी आपलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन सोबत आणावं आणि ते कुठल्या पिशवीत आहे हे गटातल्या दोघांना माहीत असावं.
- फोटोसाठी संमती.
- एका कागदावर तीन फोन: जवळचा दवाखाना, प्राणी-पक्षी सोडवणारी स्थानिक संस्था, बागेचा माणूस. तो कागद प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

धनुर्वाताची लस कधी घेतली होती हे सगळ्यांना आधीच विचारा. काटा आणि माती, दोन्ही लागणार आहेत.

४. सामान

हातमोजे प्रत्येकाला, तेही जाड. खुरपी चार, कुदळ एक, फावडं एक, घमेली तीन, सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) दोन, झारी दोन. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, टोपी, पिण्याचं पाणी. प्रथमोपचार पेटी. मोजपट्टी आणि पेन्सिल, कारण पुढे सगळा खेळ मिलिमीटरचा आहे.

फुगे, प्लॅस्टिकची सजावट, स्पीकर घरी ठेवा. पाचोळा उडवायचं यंत्र कुणी आणलंच, तर गाडीतून उतरवू देऊ नका.

५. काम निवडा: एक किंवा दोन

इथे खरा गोंधळ होतो, कारण सगळंच करावंसं वाटतं. खालच्यापैकी दोनच निवडा.

*पाचोळा आणि लाकडं.* सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी आणि फोटोत सगळ्यात वाईट दिसणारं काम. वाटांवरची पानं उचला आणि झाडांखाली चार बोटं जाडीचा थर द्या. खोडाला मात्र पानं टेकवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर साल ओलसर राहून सडते. तुटलेल्या फांद्या आणि ओंडके सावलीत एका कोपऱ्यात रचा. सर्वांत खालचे ओंडके थोडे जमिनीत पुरा, साल सोलू नका, मधल्या फटी बुजवू नका. कुजणाऱ्या लाकडावर भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, फटींत पाली आणि बेडूक शिरतात, किडे शोधत पक्षी येतात. ढिगाशेजारी छोटी पाटी लावा: "हा कचरा नाही, मुद्दाम ठेवला आहे." पाटी नसलेला आमचा पहिला ढीग कुणीतरी चौथ्या दिवशी उचलून नेला.

*पाणी.* पक्ष्यांसाठी उथळ पसरट भांडं, खोली अडीच ते पाच सेंटिमीटर, तळ खरखरीत. गुळगुळीत थाळीत पक्ष्याचे पाय घसरतात. मधोमध एखादा दगड असा ठेवा की त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील. मधमाश्या आणि फुलपाखरं त्यावर बसून पितात. जवळ झुडूप हवं, म्हणजे पळायला जागा मिळते. मात्र मांजर दबा धरून बसेल इतकं ते जवळ नको. पाणी दर दोन दिवसांनी बदला आणि भांडं ब्रशने घासा. उबदार हवेत डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाटचाल आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून पाणी बदलणं हे या कामाचं अर्धं अंग आहे.

छोटं तळं करायचं असेल तर फूटभर खोलीसुद्धा चालते. एक बाजू दगड रचून उताराची करा. सरळ उभ्या कडांच्या टाकीत पडलेला बेडूक किंवा सरडा वर येऊ शकत नाही. मासे सोडू नका. ते डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची पिल्लं आणि चतुर-टाचण्यांच्या अळ्याही तेच खातात. आणि चतुराची अळी स्वतःच डासांच्या अळ्यांवर तुटून पडते. दुसऱ्या तळ्यातलं पाणी, बेडकांची अंडी, पाणवनस्पती उचलून आणायचा मोह आवरा, त्यांच्याबरोबर बेडकांना मारणारी बुरशी येऊ शकते. चतुर आपले आपण येतात. लहान मुलं बागेत येत असतील तर पाण्यावर मजबूत जाळी हवीच. मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं.

*एकट्या राहणाऱ्या माश्या.* मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं दिसतं. पण जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जातींत राणी, कामकरी असा संसारच नसतो. एकेक मादी आपलं बिळ करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते. पोळ्याची राखण नसल्यामुळे त्या सहसा डंख मारत नाहीत. सुमारे ७० टक्के जाती जमिनीत राहतात. म्हणून त्यांच्यासाठी पहिलं काम म्हणजे उन्हात दोन हात लांब-रुंद जमीन उघडी सोडणं. गवत नाही, आच्छादन नाही, फरशी नाही. टीमला हे पटवणं अवघड जातं. "मग आम्ही केलं काय?" असं कुणीतरी विचारतंच.

उरलेल्यांसाठी नळ्यांचं घर करता येतं. आमचं पहिलं घर म्हणजे हस्तकलेचा उत्तम नमुना होता: बांबूचे तुकडे रंगवले, दोन्ही टोकं उघडी, फांदीला दोरीने टांगलं, वाऱ्यावर डुलायचं. वर्षभर एक माशी फिरकली नाही. नीट करायचं तर असं:

- छिद्राचा व्यास ३ ते १० मिलिमीटर, वेगवेगळ्या मापांची सरमिसळ.
- लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास. मागचं टोक बंद.
- तोंड आतून गुळगुळीत. कूस राहिली तर पंख फाटतात, म्हणून काचकागद फिरवा.
- भिंतीला किंवा खांबाला पक्कं ठोका. सकाळचं ऊन थेट तोंडावर यावं, पाऊस येऊ नये म्हणून वर छोटं छप्पर.
- रंग नाही, वार्निश नाही.

आकार लहान ठेवा, वीस-तीस नळ्या बस. शेकडो नळ्यांचा महाल बांधला तर परजीवी किड्यांना आयतं कोठार मिळतं. आतली पिढी उडून गेली की नळ्या बदला, जुन्यांमध्ये बुरशी आणि माइट नावाचे सूक्ष्म जीव साठतात. नळी बंद करायला वापरलेल्या सामानावरून पाहुणा ओळखता येतो: चिखलाचा बूच असेल तर गवंडीकाम करणारी कुणी, पानाच्या गोल चकत्या असतील तर पानं कापणारी माशी. गुलाबाच्या पानाच्या कडेला नाण्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले तर औषध शोधू नका, आनंद माना.

*घरट्याच्या पेट्या.* चिमणीसाठी दाराचं भोक ३२ मिलिमीटर. यापेक्षा मोठं केलंत तर दांडगे पक्षी ताबा घेतात. भोक तळापासून निदान १२ सेंटिमीटर वर, म्हणजे बाहेरून पंजा घालणाऱ्याचा हात पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. भोकाखाली बसायची दांडी लावू नका. दुकानातल्या बऱ्याच पेट्यांना ती असते आणि तिचा फायदा मुख्यतः शिकाऱ्याला होतो. लाकूड निदान १५ मिलिमीटर जाड, आतून कोरं. तळाला निचऱ्याची भोकं, झाकण उघडता येणारं. दोन ते चार मीटर उंचीवर, दुपारचं ऊन टाळून लावा. पिल्लं उडाल्यावर, हंगाम संपला की जुनं घरटं काढून पेटी साफ करा.

*झाडं.* फक्त मधाची फुलं लावून फुलपाखरांची सोय होत नाही, अळीला खायचं झाडही लागतं. लिंबू वर्गातल्या झाडांवर काही जातींच्या अळ्या वाढतात, रुईच्या कुळातल्या झाडांवर दुसऱ्या. अळ्या आल्या की पानं कुरतडली जाणार. ते झाड त्यासाठीच लावलं आहे, हे बागेच्या मालकाला आधी सांगून ठेवा. तुमच्या भागातली मूळची झाडं निवडा. फुलं एकेरी पाकळ्यांची घ्या. गच्च भरलेल्या दुहेरी फुलांत पराग-मध कमी असतो, असला तरी माशीचं तोंड तिथवर जात नाही. रोपं घेताना कोणतं कीटकनाशक मारलंय ते विचारा. काही औषधं मुळांतून किंवा पानांतून शिरून झाडभर पसरतात आणि मध-परागातही उतरतात. निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली ती मधमाश्यांमुळेच. माश्यांसाठी आणलेलं रोपच माश्यांना बाधणार असेल तर ते न आणलेलं बरं.

*काचा.* ऑफिसवाल्यांना हे काम सर्वांत जवळचं आणि कुणालाच सुचत नाही. बागेलगतच्या मोठ्या काचेत झाडांचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी त्यावर आदळून मरतात. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला, आडवे-उभे पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर ठिपके लावा. कंटाळवाणं काम आहे, गप्पा मारत करा.

६. त्या दिवशी

पहिली पंधरा मिनिटं कुणीही काही उचलायचं नाही. सगळ्यांनी गप्प उभं राहून नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. फोन खिशात. आमच्या हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्याने या पंधरा मिनिटांत कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं पान तीनदा "पक्षी" म्हणून मोजलं होतं, तरी हे करा. याच वेळी घरट्यांच्या जागा दाखवून तिथे सुतळी बांधा.

मग काम. दगड किंवा ओंडका उचललात तर आधी आपल्यापासून लांबची कड वर करा, म्हणजे दगड तुमच्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो. बघून झालं की होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा. न दिसणाऱ्या बिळात, फटीत हात नाही. शेवटी अवजारं मोजून परत करा. गवतात राहिलेलं सिकेटर पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी पायात जाईल.

७. जीव सापडला तर

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप आसपासच असतात. लांब व्हा. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपात ठेवा. पिसं नसलेलं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं. घरटं सापडलं तर त्याला परत ठेवा. "माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात" हे खरं नाही. ऑफिसात खोक्यात घालून मात्र नेऊ नका, कुणी कितीही हट्ट केला तरी.

साप दिसला तर सगळे मागे सरका, एकाने लांबून नजर ठेवा, एकाने त्या कागदावरचा फोन लावा. विषारी की बिनविषारी यावर चर्चा घालू नका. गांधीलमाश्यांचं घर उठलं तर अवजारं तिथेच टाकून निघा. केसाळ सुरवंट हाताने उचलायचा नाही.

८. नोंद ठेवा

काम करायच्या आधी आणि नंतर दर महिन्याला, एकाच जागी, एकाच वेळी, पंधरा मिनिटं बसून जे दिसेल ते लिहा. जात ओळखता आली नाही तर "लहान, काळी, पोटावर पिवळे पट्टे" असंही चालतं. फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्ग-नोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथले जाणकार ओळख पटवतात. पक्ष्यांच्या यादीसाठी ई-बर्ड हे पक्षी-नोंदींचं संकेतस्थळ सोयीचं. घरट्यांची नेमकी जागा मात्र जाहीर करू नका.

आकडे वाढलेच पाहिजेत असं मनात धरून बसू नका, पहिले काही महिने बहुधा काहीच होत नाही. आमच्या दुसऱ्या, नीट बांधलेल्या घराची पहिली नोंद तेविसाव्या दिवसाची आहे: "नळी ७, चिखलाने बंद. ८:४० ला माशी परत आली, नळी ८ मध्ये डोकावली." ही ओळ ज्याने लिहिली त्याला आधीच्या वर्षभरात कुणी सकाळी नवाच्या आत ऑफिसला पाहिलं नव्हतं.

९. नंतरचे सहा महिने

इथे बहुतेक टीम्स गळतात. एक दिवस गाजतो, पुढच्या महिन्यात पाण्याचं भांडं कोरडं, नाहीतर डासांनी भरलेलं. त्यामुळे निघण्याआधी, बागेतच उभं राहून, सामायिक शीटमध्ये पाळ्या भरून घ्या: पाणी दर दोन दिवसांनी, नवीन रोपांना पाणी पहिले दोन-तीन महिने, नळ्या आणि पेट्यांची पाहणी महिन्यातून एकदा, लांबूनच. जिथे आपली माणसं रोज पोहोचू शकत नाहीत, तिथे पाण्याचं काम घेऊच नका. ओंडक्यांचा ढीग आणि उघडी जमीन यांना कुणाची वाट बघावी लागत नाही.

फवारणीच्या कंत्राटाचं नूतनीकरण कधी आहे ते विचारून कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्याच्या महिनाभर आधीची आठवण लावा. नोकरी सोडणाऱ्याने आपली पाळी दुसऱ्याला दिल्याशिवाय जायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. एचआरच्या यादीत तो नाही, पण पाळला जातो. आणि लांब सुट्ट्यांच्या आठवड्यात भांडं कोण भरणार, ते नाव सगळ्यात आधी लिहा.